लावण्यलतेचा शेवटचा फर्मा

"शनिवारपर्यंत हे कपाट रिकामं करून द्या, बाई," सेक्रेटरी दिनकरराव म्हणाले आणि छत्रीच्या टोकानं त्यांनी कपाटाच्या काचेवर टकटक केलं.

कपाट जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचं होतं. गड, भुयारं, वेषांतरं, वीर नायक आणि चंद्रमुखी नायिका. आमच्या महिला विभागात कपाट तेवढं एकच. ते गेलं की विभागात उरणार काय, तर एक बाक, एक जाजम आणि मी.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होते. एकोणीसशे तीस साल उलटून गेलं होतं. महिला विभाग हे नाव मोठं, पण ती मुख्य हॉलला लागून असलेली एक खोली होती. दाराला पडदा. दर बुधवारी दुपारी मिलचा भोंगा झाला की ती खोली बायकांची. त्या वेळात पुरुषांनी पडद्याच्या आत यायचं नाही, असा नियम होता आणि तो पाळला जाई. बायका पुस्तक बदलायला येत आणि तासभर बसत. कोणी वाती वळी, कोणी शिवण घेऊन येई. हात चालू असले म्हणजे घरी कोणाला काही बोलता येत नसे.

"रिकामं करून पुस्तकं ठेवायची कुठं?" मी विचारलं.

"कुठंच नाही. राइट-ऑफ करायची. कमिटीत ठराव आणतोय मी."

राइट-ऑफ म्हणजे पुस्तक दप्तरातून कायमचं काढून टाकणं. फाटलेली, वाळवी लागलेली पुस्तकं आम्ही अशी काढत असू. ती रद्दीत जात. ही पुस्तकं धडधाकट होती.

"तुम्ही ही शेवटची कधी वाचलीत?" दिनकररावांनी विचारलं.

"लहान असताना."

"तेच म्हणतो मी. आता वाचा. आजच्या डोळ्यांनी वाचा. नायिका उठसूट मूर्च्छित पडते. तिला कोणीही उचलून घोड्यावर टाकतं. आणि शेवटी चितेवर चढते. आमच्या बायका हे वाचून घरी जाणार, आणि आपण गणेशोत्सवात स्त्रीसुधारणेवर व्याख्यानं देणार. कशाला द्यायची?"

दिनकरराव वकील होते आणि खरोखर भले होते. लग्नानंतर त्यांनी बायकोला शिकवलं होतं, तेही भाऊबंदांचा विरोध पत्करून. खोली त्यांना शास्त्रीय मासिकांसाठी हवी होती, तीही कॉलेजच्या तयारीला बसणाऱ्या पोरांसाठी. त्यात वाईट काय होतं? माझी पंचाईत तीच होती. खाष्ट माणसाशी भांडता येतं. भला माणूस चुकीच्या बाजूला उभा राहिला की काय करायचं ते सुचत नाही.

"आणि बुधवार?" मी विचारलं.

"पुस्तकं घरचे पुरुष नेतील. त्यासाठी खोली कशाला हवी?"

अध्यक्षांकडे दाद मागावी म्हणून मी तात्यासाहेबांकडे गेले. ते निवृत्त मामलेदार, जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "राइट-ऑफ? छे. हा आपला वारसा आहे. ही पुस्तकं मोठ्या हॉलमध्ये आणा. पुरुषांनी वाचावीत, रक्त सळसळेल. बायका नुसत्या रडतात आणि पानं ओली करतात."

"मग बायकांच्या खोलीत काय ठेवू?"

"बघू," तात्यासाहेब म्हणाले. मामलेदारीत ते 'बघू' म्हणाले की त्या कागदाचं काय होई, ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

म्हणजे एकाला ती पुस्तकं जाळण्याइतकी वाईट वाटत होती, दुसऱ्याला पुजण्याइतकी चांगली, आणि दोन्हीकडून खोली आमचीच जाणार होती.

माझी नोकरीही खोलीबरोबर जाणार, हे उघड होतं. पण मला जास्त काळजी राजम्माची होती. राजम्मा विणकरांच्या घरातली तेलुगू सून. मराठी वाचायला ती आमच्या खोलीतच शिकली होती. तिला बुधवारी घराबाहेर पडायची परवानगी होती ती एका अटीवर. इथं वाचलेली गोष्ट तिनं घरी जाऊन तेलुगूत सांगायची. घरातल्या बायका कांड्या भरायला बसल्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला बसल्या, की सासू म्हणे, "हां, गडावर काय झालं पुढं?" गोष्ट संपली की परवानगी संपली. व्याकरणाच्या पुस्तकासाठी किंवा आरोग्याच्या चोपडीसाठी तिला कोणी सोडलं नसतं. मी तिला कपाटाची बातमी सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग मी काय सांगून येणार, बाई?"



दिनकररावांनी माझ्याकडे लेखी अभिप्राय मागितला होता. म्हणून मी ती पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली. सुरुवात केली 'दुर्गमगडची लावण्यलता' या कादंबरीपासून, कारण सगळ्यात जास्त इश्यू तीच होई. इश्यू म्हणजे वाचकाच्या नावावर पुस्तक घरी जाणं. लहानपणी मी ही कादंबरी माळ्यावर बसून, जेवण विसरून वाचली होती. आता वाचताना कपाळाला हात लावायची पाळी आली. लावण्यलतेचं वय चौदा, आणि बोलणं एखाद्या शास्त्रीबुवांसारखं. शत्रूकडचा एकूण एक माणूस तिरळा. नायक रणधीर तिची फक्त बोटं खिडकीत पाहतो आणि त्यावर आठ पानं उसासे टाकतो. घोड्यांना दाणापाणी लागत नाही. लावण्यलतेनं डोक्याला फेटा बांधला की सख्खा बाप तिला ओळखत नाही. दिनकररावांचं पुष्कळसं म्हणणं बरोबर होतं, हे मला कबूल करावं लागलं, आणि त्याचा मला भलताच राग आला.

पण आजच्या डोळ्यांना आणखीही काही दिसलं. रणधीर पुस्तकात तीनदा पकडला जातो. तिन्ही वेळा लावण्यलता त्याला सोडवते. एकदा पहारेकऱ्याच्या वेषात जाऊन, एकदा बुरुजावरून उडी टाकून, एकदा पत्रावरचा खोटा शिक्का ओळखून. आणि तिन्ही वेळा लेखक श्रेय देतो दैवाला. लहानपणी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हा मी रणधीरवर खूष होते.

आता आमच्या प्रतीबद्दल सांगायला हवं. जुन्या काळी अशा कादंबऱ्या मासिक भागांनी निघत. वाचनालय भाग जमवी आणि बाइंडरकडून एकत्र बांधून घेई. लावण्यलतेचा शेवटचा भाग यायला उशीर झाला, बाइंडरला घाई होती, त्यानं होतं ते बांधून टाकलं. पुढं तो भाग कधी आलाच नाही. म्हणजे एक फर्मा कमी. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापलेली सोळा पानं. हे सगळं मी नोकरीला लागण्याच्या पुष्कळ आधीचं. पुस्तक अपुरं असेल तर वाचकाला देताना तसं सांगायचं, असा आमचा दंडक. म्हणून मी प्रत्येकीला सांगे, "शेवट नाही बरं का."

त्यावरून बुधवारी एक रीतच पडून गेली होती. पुस्तक परत आणणारी बाई ते पुढच्या बाईच्या हातात देताना शेवट तोंडी सांगे. आणि प्रत्येकीचा शेवट वेगळा. चन्नम्मा म्हणून आमच्या एक वर्गणीदार होत्या. अक्कलकोटकडच्या, घरी कापडाची पेढी, बोलण्यात कानडी हेल. त्यांच्या शेवटात लावण्यलता गड ताब्यात घेऊन पायथ्याशी बाजार भरवते. राजम्माच्या शेवटात ती रणधीरला निरोप धाडते, की संध्याकाळपर्यंत दरवाजा उघडा आहे, यायचं तर या. राजम्माच्या सासूला हा शेवट फार आवडला होता म्हणे.

खरा शेवट काय, हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी माळ्यावर मी वाचलेली प्रतही अर्धीमुर्धीच होती.

शनिवारी कमिटीची मीटिंग भरली. दिनकररावांनी ठराव वाचला. पुरावा म्हणून त्यांनी लावण्यलताच पुढं केली.

"या बाईला नवरा रणात पडल्याची बातमी येते. ती लगेच चितेत उडी घेते. आणि पुढच्याच पानावर नवरा जिवंत परत येतो. हे आम्ही बायकांच्या हातात देतो."

मी म्हटलं, "आमच्या प्रतीत हे नाही. तो फर्मा गहाळ आहे."

"माझ्या वडिलांच्या संग्रहात सगळे भाग सुटे ठेवलेत, शेवटच्यासकट. मी स्वतः वाचलंय."

"मग तुमच्या दोघांनाही एक विचारू का? तुम्ही म्हणता बायका हे वाचून बिघडतात. तात्यासाहेब म्हणतात नुसत्या रडतात. बायकांना वाचताना कोणी पाहिलंय?"

"पाहणार कसं?" तात्यासाहेब म्हणाले. "पडदा आहे ना."

"ऐकता येईल. येत्या बुधवारी तो फर्मा मी खोलीत मोठ्यानं वाचते. तुम्ही हॉलमध्ये बसा."

दिनकररावांना हे पसंत पडलं. वकील माणूस, साक्षीदार तपासायला मिळणार म्हणजे आनंदच. म्हणाले, "बाई, मी आत्ताच सांगतो. डोळ्यांना पदर लावतील आणि धन्य धन्य म्हणतील. तसं झालं तर ठराव मंजूर समजायचा."

"आणि नाही झालं तर?"

"तर मी ठराव मागं घेईन. शब्द देतो."

पैज तर लावून बसले होते. बायका काय म्हणतील याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

बुधवारी दुपारी ऊन असं होतं, की टांग्याची घोडीसुद्धा सावली सोडायला तयार नव्हती. तरी खोली भरली. दिनकररावांनी फर्मा आणून दिला होता, आणि खरा शेवट सापडला ही बातमी फिरली होती. पडद्यापलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. फसवून ऐकवायचं माझ्या मनाला पटेना, म्हणून मी सुरुवातीलाच सांगितलं, "हॉलमध्ये कमिटी बसलीय. आपलं बोलणं त्यांना ऐकू जाणार."

"बसू द्या की," चन्नम्मा वाती वळता वळता म्हणाल्या. "आमी काय चोरी करतोय का?"

त्यापलीकडे मी कोणाला काही शिकवलं नाही. पैज काय लागली आहे तेही सांगितलं नाही. नुसतं वाचायला घेतलं.

लेखकाचा हात शेवटी चांगलाच सुटला होता. एक जासूद येतो, रणधीर पडल्याचं सांगतो. लावण्यलता काही विचारत नाही. अलंकार उतरवते, हिरवा शालू नेसते, चिता रचली जाते. चंदनाच्या ज्वाळांची वर्णनं, देवांची पुष्पवृष्टी. मग धुळीचा लोट, आणि त्यातून रणधीर. तो चितेची राख कपाळाला लावतो आणि संन्यास घेतो. समाप्त.

मी फर्मा मिटला. एका कोपऱ्यात हुंदका आला. पाहते तर राजम्मा. डोळ्यांना पदर.

पडद्यापलीकडे कोणीतरी समाधानानं खाकरलं. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"का गं रडतीस?" चन्नम्मांनी विचारलं.

"राग आला," राजम्मा म्हणाली. "लई राग आला. घरी सासूला काय सांगू मी? त्या विचारतील, एवढी हुशार पोरगी अशी कशी येडी झाली?"

"व्हय की," चन्नम्मांनी वाती खाली ठेवल्या. "बाई, तो निरोप कुणी आणला म्हणालात?"

"जासूदानं."

"कुणाचा जासूद?"

मी पान उघडून पाहिलं. "दुर्जयरावाचा." दुर्जयराव म्हणजे कादंबरीतला खलपुरुष.

"बघा. त्याच माणसाचा खोटा शिक्का हिनं मागं ओळखला हुता. आणि आता त्याच्याच माणसानं सांगितलं की लगेच खरं? प्रेत बघितलं का कुणी?"

"नाही."

"माणूस पाठवला का बघायला?"

"नाही."

"आमच्या पेढीवर कुणी येऊन सांगितलं की माल बुडाला, तर आमी आधी माणूस धाडतो. मग रडतो."

खोलीत हशा पिकला. मग जी ती बोलायला लागली. रणधीर परत आला तर गड का सांभाळला नाही, संन्यास कसला घेतो. हिरवा शालू नेसायला वेळ होता, विचार करायला नव्हता. एकीनं विचारलं, लावण्यलतेची आई कुठं होती? खरंच, आई कुठं होती? साऱ्या पुस्तकात मला ती कुठं आठवेना.

इतक्यात पडद्यापलीकडून आवाज आला.

"अहो, पण दुःखात माणसाचं भान जातं. लेखकाला तेच दाखवायचंय. त्या प्रसंगातला करुणरस लक्षात घ्या."

दिनकरराव होते. राहवलं नसावं. आम्ही सगळ्याच चपापलो. एकट्या चन्नम्मा पडद्याकडे वळून बसल्या.

"वकीलसाहेब, पहारेकऱ्यांत शिरताना तिचं भान गेलं न्हाई. बुरुजावरनं उडी घेतली तवा गेलं न्हाई. शेवटच्या पानावरच बरं गेलं? हे तिनं केल्यालं न्हाईच. हे लेखकानं केलंय."

मग तात्यासाहेबांचा आवाज. "दिनकरराव, तुम्ही फिर्यादीकडून आहात की आरोपीकडून? परवा तर तुम्ही हे पुस्तक रद्दीत घालत होतात."

हॉलमध्ये हशा झाला. तात्यासाहेबांना त्यानं चेव आला. ते पडद्यापाशी येऊन म्हणाले, "पण बायांनो, ती त्या काळची रीतच होती. रीतीला नावं ठेवून कसं चालेल?"

राजम्मा एरवी पुरुषांसमोर तोंड उघडत नसे. ती खाली बघत, पण ऐकू जाईल असं म्हणाली, "साहेब, त्या काळात चौदा वर्षांच्या पोरी फेटा बांधून गडावर पहारा करत हुत्या का?"

"नाही. ते पुस्तकात."

"मग तेवढं पुस्तकात चालतं. जिवंत राहिलेलं का न्हाई चालत?"

तात्यासाहेबांची पावलं पडद्यापासून मागं फिरली. मामलेदारीत त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नसावा.

मला मात्र त्या क्षणी उठून नाचावंसं वाटलं. मी जागेवरच बसून राहिले, नोकरी होती ना. पण इतका अभिमान मला पुढं कधी बढती मिळाली तेव्हाही वाटला नाही. मी आठवडाभर आजच्या डोळ्यांनी वाचत बसले होते आणि त्याचं मला कोण कौतुक. या बायका वर्षानुवर्षं तेच करत होत्या, वाती वळता वळता.

दिनकरराव शब्दाला पक्के निघाले. खोली रिकामी झाल्यावर ते आत आले, कपाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला वाटलं होतं, त्या पुस्तकाच्या ऐकण्यात आहेत."

"मग?"

"पुस्तकालाच त्यांचं ऐकावं लागेल असं दिसतंय." आणि हसले. त्यांचं हे हसणं मला आवडलं. हरल्यावर असं हसणारे वकील थोडेच.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी ठराव मागं घेतला आणि लगेच दुसरा मांडला. महिला विभागाची खोली कायम. मासिकांची टेबलं हॉलच्या व्हरांड्यात. आणि पुस्तक-निवड समितीवर, म्हणजे कोणती नवी पुस्तकं घ्यायची हे ठरवणाऱ्या मंडळावर, महिला विभागाची एक प्रतिनिधी. तात्यासाहेब 'बघू' म्हणायच्या बेतात होते. दिनकररावांनी त्यांना 'बघू' म्हणू दिलं नाही. बायकांनी एकमतानं चन्नम्मांचं नाव दिलं.

तो फर्मा दिनकररावांनी वाचनालयाला भेट दिला. तो पुस्तकात शिवायचा की नाही यावर बुधवारी चर्चा झाली. शिवायचा नाही, मागेल तिला वेगळा द्यायचा, असं ठरलं. मागणाऱ्या थोड्याच निघाल्या. राजम्माच्या सासूनं तो एकदा ऐकला आणि लेखकाला तेलुगूत जे काही म्हटलं, त्याचं भाषांतर करायला राजम्मा तयार झाली नाही. बुधवारची परवानगी मात्र पक्की झाली. पुढं तर सासूबाईच टांगा करून एकदा सुनेबरोबर आल्या, कपाट बघायला.

वाचनालयातल्या नोकरीनं मला जे शिकवलं ते फार नाही. पुस्तक बरं की वाईट हे ठरवण्याआधी ते वाचणाऱ्यांचं काय म्हणणं आहे ते ऐकावं, एवढंच. हे इतकं सोपं असताना कमिट्यांना का जमत नाही, ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

निवड समितीच्या पहिल्या मीटिंगला चन्नम्मा इरकली लुगडं नेसून, ठसठशीत कुंकू लावून आल्या आणि तात्यासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. दिनकररावांनी एका नव्या सामाजिक कादंबरीची शिफारस केली. आजच्या स्त्रीचे प्रश्न, आजची भाषा, असं बराच वेळ बोलले. त्यांचं झाल्यावर चन्नम्मांनी विचारलं, "साहेब, तुमी हे पुरतं वाचलंय का?"

दिनकररावांनी छत कसं बांधलंय ते पाहिलं. मग म्हणाले, "अर्धं."

पुस्तक पुढच्या मीटिंगवर गेलं. तेव्हापासून आमच्या कमिटीत न वाचलेल्या पुस्तकावर भाषण करणं बरंच कमी झालं. बंद झालं असं मी म्हणणार नाही. कमिटी ती कमिटीच.